शो जातो!

काचेची पेटी घ्यायला गेलो, त्या दिवशी दुकानदाराने मला पेटीखेरीज बारा वस्तू विकल्या. खाली अंथरायचा थर्मोकोल, रंगीत खडे, हवेचा पंप, त्याची नळी, गाळणी, मासे धरायची जाळी, थर्मामीटर, मागे चिकटवायचं समुद्राच्या तळाचं चित्र, प्लॅस्टिकच्या झाडांची एक जोडी, निळ्या औषधाची बाटली, माशांचं खाणं आणि मिनिटाला दोनदा तोंड उघडून बुडबुडे सोडणारा एक शिंपला. म्हणजे घर दिलं, फरशी दिली, खिडकीबाहेरचा देखावा दिला, आजारपणाची सोय केली, करमणुकीला शिंपला ठेवला. छप्पर तेवढं राहिलं.

"आणि झाकण?" मी विचारलं.

दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर माझ्या ओळखीची होती. धनादेशावर सही करायची असते का, असं विचारणाऱ्या खातेदाराकडे मी त्याच नजरेने पाहतो.

"झाकण कशाला साहेब? शो जातो."

मी गप्प बसलो. 'शो जातो' हे दोन शब्द मराठी मध्यमवर्गीयाला गप्प बसवायला पुरेसे असतात. मंगल कार्यालयात पंखे फिरत असले, की वराच्या फेट्याचा शो जातो. नव्या सोफ्यावर माणसं बसली, की सोफ्याचा शो जातो. आमच्या इमारतीच्या जिन्यात हाताला धरायला कठडा हवा, अशी मागणी वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी सोसायटीच्या सभेत केली, तेव्हाही एका सभासदाने हाच मुद्दा काढला होता. संगमरवराचा शो जातो म्हणे! आजोबा गेले तर चालतील, शो जाता कामा नये.

तर ती पेटी झाकणाशिवाय आमच्या घरी आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तिच्यात सहा झेब्रा मासे आणि दोन गुरामी सोडले. झेब्रा म्हणजे अंगावर निळे पट्टे ओढलेला बोटाएवढा मासा. त्याला लोक परदेशी समजतात, पण तो मूळचा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला, ओढ्या-नाल्यांत राहणारा गरीब माणूस. मुलीने सहाही जणांची बारशी केली. त्यातल्या सगळ्यात चपळ माशाचं नाव टिकली.

अकराव्या दिवशी सकाळी टिकली दिसेना. मुलीने झाडांमागे पाहिलं, शिंपल्याच्या तोंडात पाहिलं. शेवटी केर काढताना सौ.ला ती चपलांच्या कपाटाखाली सापडली. म्हणजे पेटीपासून चांगलं चार फुटांवर. पाण्याबाहेर पडल्यावर त्या एवढ्याशा जिवाने चार फूट धडपड केली होती, आणि आम्ही शेजारच्या खोलीत पंखा पाचवर ठेवून झोपलो होतो.

मुलगी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "बाबा, तिला कुठे जायचं होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुकानदाराकडे होतं. तो म्हणाला, "ही जात उडी मारतेच साहेब. दुसरा घेऊन जा, वीस रुपये." ही जात उडी मारते हे त्याला अकरा दिवसांपूर्वीही ठाऊक होतं! तरीही त्याने मला शिंपला विकला.

पण दुकानदारावर मी फार रागावत नाही. तो बिचारा धंदा करतो. माझा खरा राग आहे तो शेजारच्या नानांवर. नाना त्याच संध्याकाळी सांत्वनाला आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. घरातला मासा मेला म्हणजे घरावरचं गंडांतर त्याने स्वतःवर घेतलं असं समजायचं. शुभ असतं ते."

वाचकहो, हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. मला या वाक्याचा मनस्वी संताप आहे. एवढं सोयीचं वाक्य अख्ख्या मराठी भाषेत दुसरं नसेल. पाणी महिनाभर बदललं नाही, मासा मेला, गंडांतर घेतलं. ओंजळभर खाणं टाकून गावाला गेलो, पाणी नासलं, मासा मेला, गंडांतर घेतलं. असं असेल तर या वर्षी आमच्या एका इमारतीवर इतकी गंडांतरं येऊ घातली होती, की पालिकेने ती केव्हाच रिकामी करायला हवी होती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. एका बाजूला काही लिहिलं तर दुसऱ्या बाजूला काय, हे विचारायची मला सवय आहे. टिकली नावे पडली, जमेला काय? त्या आठवड्यात आमच्यावर कसलं संकट येणार होतं आणि ते टळलं, हे नानांनी दाखवावं. पेटीवर दोन चौरस फुटांचं भोक होतं. गंडांतर असेल तर ते एवढंच, आणि ते माशावर आम्ही आणलं होतं.

मासे उडी का मारतात, हे मग मी शोधून काढलं. आत्महत्या करायला नक्कीच नाही. अंधाऱ्या खोलीत कोणी खट्‌कन दिवा लावला, की ते दचकून उसळतात. मोठा मासा मागे लागला की उसळतात. पाणी खराब झालं की, याहून बरं पाणी शेजारी असेल, या आशेने उसळतात. पाण्यावर घिरट्या घालणारं चिलट टिपायलाही काही जाती उसळतात. ओढ्यात यात काही बिघडत नाही. उडी मारली की मासा पुन्हा ओढ्यातच पडतो. त्याच्या पूर्वजांच्या हजारो वर्षांच्या अनुभवात उडीच्या दुसऱ्या टोकाला चपलांचं कपाट कधी आलेलंच नाही. तेव्हा टिकलीला कुठेही जायचं नव्हतं. तिला परत पाण्यातच यायचं होतं.

हे मुलीला सांगितल्यावर मात्र ती रडली.

त्या रविवारी मी जाहीर केलं, की पेटीला झाकण मी स्वतः करणार. घरात पहिल्यांदा शांतता पसरली आणि मग चर्चा सुरू झाली. आमच्या घरी काहीही स्वतः करायचं म्हटलं, की पूर्वी मी स्वतः केलेल्या गोष्टींची यादी वाचून दाखवली जाते. ती मी इथे देत नाही. धाकटे मेहुणे नेमके त्याच दिवशी जेवायला होते. ते म्हणाले, "दाजी, झाकण लावलंत तर मासे गुदमरतील."

शो-पक्षाची हीच खोड आहे. शोच्या मुद्द्यावर हरायची वेळ आली, की ते एकदम भूतदयेवर येतात. अहो, मासे गुदमरायला झाकण म्हणजे काय लोणच्याच्या बरणीचं फिरकीचं झाकण आहे? पाण्याच्या पृष्ठभागावरून हवा पाण्यात मिसळते. पृष्ठभाग आणि झाकण यांच्यात दोन-तीन बोटं जागा सोडली आणि कोपऱ्यात फट ठेवली, की झालं. उलट आमच्या गुरामीसारखे किंवा फायटरसारखे मासे वर येऊन हवेतूनच श्वास घेतात. पाण्यावरची हवा ऊबदार आणि दमट असलेली त्यांना मानवते, आणि ती तशी ठेवतं कोण? झाकण!

शिवाय बंद काचेत जीव जगतो, हे मेहुण्यांच्या जन्माआधी दीडशे वर्षांहून अधिक काळ माणसाला ठाऊक आहे. लंडनमध्ये नथॅनिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. 1829च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली. पतंगाचं काय झालं ते बाजूला राहिलं, पण त्या मातीत नेच्याचं रोप उगवलं आणि लंडनच्या धुरात बाहेर न जगणारं ते रोप बंद बाटलीत छान वाढलं. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या तयार केल्या, 1842 साली त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपं आपल्या हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती याच पेट्यांतून. महिनोन्‌महिने जहाजाच्या डेकवर खारा वारा सोसत ती रोपं तगली, कारण पेटीला वर काच होती. म्हणजे हिंदुस्थानात आलेल्या चहाच्या इतिहासातसुद्धा झाकणाला वाटा आहे. लंडनच्याच प्राणिसंग्रहालयात 1853 साली काचेच्या पेट्यांत मासे ठेवून लोकांना दाखवू लागले आणि 1854 साली फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर नेला. त्या बंद पेट्या आधीच्या, माशांच्या पेट्या नंतरच्या. पेटीच्या घराण्यात झाकण हे असं जुनंजाणतं आहे. उपटसुंभ आहे तो शिंपला.

हे सगळं मी मेहुण्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे दाजी, पण दिसणार कसं?"

बघा, आले मूळपदावर!

माझ्या लहानपणी शाळेची सहल मुंबईला तारापोरवाला मत्स्यालयात गेली होती. 1951 साली उघडलेलं ते मरीन ड्राइव्हवरचं मत्स्यालय. भिंतीत बसवलेल्या पेट्यांपुढून आम्ही रांगेने गेलो, काचेला नाकं लावली, बाईंचा ओरडा खाल्ला. त्या पेट्यांना वर काय होतं, हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही, आणि कुणाचा शो गेल्याचं आठवत नाही. मासे माणूस समोरून बघतो. पेटीची वरची बाजू बघणारे आमच्या घरात दोनच प्राणी आहेत, छताचा पंखा आणि ट्यूबलाइटमागची पाल. त्यातली पाल एकदा तोल जाऊन आत पडण्याच्या बेतात होती.

आणि आता मला जे खरं बोलायचं आहे ते बोलतो. झाकायला नको म्हणणारी ही माणसं कोण? नानांच्या घरी चला. सोफ्याला खोळ आहे. खोळीवर प्लॅस्टिक आहे. टीव्हीचा रिमोट ज्या पिशवीत आला त्या पिशवीतच आजही नांदतो आहे. मिक्सरला फुलाफुलांचा अभ्रा, फ्रिजच्या मुठीला मोजा, गाडीला रेनकोट. दुधावर जाळी, जाळीवर ताटली, ताटलीवर मांजराच्या भीतीने वरवंटा. आपल्या घरांत ज्याला जीव नाही अशा प्रत्येक वस्तूला पांघरूण आहे. रिमोट उडी मारून पळून जात नाही, पण त्याची काळजी केवढी! ज्याला जीव आहे, जो खरोखर उडी मारतो, त्याला मात्र उघडा ठेवायचा, कारण तो दिवाणखान्यात आहे आणि पाहुणे येणार आहेत. रिमोट आपला असतो आणि मासा पाहुण्यांचा असतो, एवढाच याचा अर्थ.

"मग विकतचं आण ना," असा एक मधला मार्ग सौ.ने काढला. मी दुकानात जाऊन तेही पाहून आलो. पेटी बाराशेची आणि तिचं काळं प्लॅस्टिकचं टोपण अठराशेचं. त्यात दिवा होता, आणि पुढे दोन डॉल्फिन एकमेकांना भेटत होते. टोपीची किंमत डोक्याहून जास्त, हे एक वेळ मी मान्य केलं असतं. पण ते टोपण ज्या कंपनीच्या पेटीसाठी केलं होतं त्या पेटीवरच बसत होतं. आमची पेटी दुकानदाराच्या कारागिराने हाताने चिकटवलेली, बाजारातल्या बहुतेक पेट्यांसारखी. तिच्यावर ठेवताच डॉल्फिन एका बाजूने आत घसरले.

झाकणाच्या कामाला पहिली सुरुवात आईने केली. मी कागद-पेन्सिल शोधत होतो तोवर तिने स्वयंपाकघरातून पुरणपोळीची मोठी परात आणली आणि पेटीवर पालथी घातली. "भांड्याला झाकण नाही म्हणजे काय!" एवढंच ती म्हणाली. संपूर्ण वादात मला हे एकच बिनतोड वाक्य वाटलं. पण गोल परात आणि चौकोनी पेटी यांचे कोपरे जुळेनात, शिवाय मासे अंधारात गेले आणि गुढीपाडवा चार दिवसांवर आला.

दुसरा प्रयोग मी केला. गल्लीच्या तोंडाशी मागच्या निवडणुकीतला एक फलक कित्येक महिने पडून होता. पोकळ नळ्यांच्या प्लॅस्टिकचा, वजनाला हलका, कटरने सरळ कापला जाणारा. त्यातला हवा तेवढा तुकडा कापला. नेमका त्यात उमेदवाराचा चेहरा आला, जोडलेले हात बाहेर राहिले. शाईची बाजू वर ठेवायची म्हणून उमेदवार छताकडे बघत आमच्या माशांचं रक्षण करू लागले. उड्या थांबल्या, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण वरच्या दिव्याचा उजेड खाली जाईना. शिवाय कडेच्या उघड्या नळ्यांमधून बाष्प आत शिरलं आणि पंधरा दिवसांत उमेदवार आतून हिरवे झाले. नळ्यांची तोंडं चिकटपट्टीने बंद करायला हवी होती, हे नंतर कळलं. ज्यांना हा मार्ग धरायचा असेल त्यांनी कोरा, अर्धपारदर्शक तुकडा घ्यावा आणि तोंडं आधी बंद करावीत. पाहुण्यांपैकी एकाने मला पक्षही विचारला.

तिसऱ्या वेळी ॲक्रिलिकची पारदर्शक पातळ पाटी आणली. दिसायला काचेसारखी, फुटायची भीती नाही. सौ.सुद्धा म्हणाली, "बरं दिसतंय." तिसऱ्या दिवशी पाटी कडेने उचलायला लागली. खालची बाजू वाफेने ओली, वरची कोरडी. ओली बाजू फुगते आणि पाटी वाकते. आठवड्यात तिचा उन्हात वाळत घातलेला पोह्यांचा पापड झाला. चारी कोपऱ्यांना मासा जाईल एवढी फट!

शेवटी काचेला शरण गेलो. आमच्या स्टेशनाजवळ देवांच्या तसबिरींना काचा लावून देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना म्हटलं, "दोन फूट बाय एक फूट, चार मिलिमीटरची काच द्या."

"आतलं माप की बाहेरचं?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मी बाहेरचं मोजलं होतं.

"बाहेरच्या मापाची काच वर ठेवाल तर कडेने पाणी बाहेर ठिबकेल. आत बसवा. आतलं माप इंच-सुतात घेऊन या."

वीस वर्षं नोटा मोजणाऱ्या माणसाला कुणीतरी 'मोजून या' म्हणून घरी पाठवलं! घरी येऊन मोजलं. आता, इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत. पेटीची काच पाच मिलिमीटर जाड, दोन बाजूंच्या मिळून दहा, म्हणजे साधारण तीन सूत वजा. लांबी आली तेवीस इंच पाच सूत. रुंदी डावीकडे अकरा इंच पाच सूत आली आणि उजवीकडे अकरा इंच चार सूत. मी पुन्हा मोजलं. सौ.ने मोजलं. मुलीने शाळेच्या पट्टीने मोजलं. एका सुताचा फरक काही निघेना. बँकेत असा फरक आला असता तर तो सस्पेन्स खात्याला टाकून मी घरी आलो असतो. पण पेटीला सस्पेन्स खातं नसतं. रात्री साडेदहाला कळलं, की पेटीच मुळात काटकोनात नाही. सुतावरून स्वर्ग गाठतात असं ऐकलं होतं. मी सुतावरून दुकानदाराचा कारागीर गाठला, अर्थात मनातल्या मनात.

तसबीरवाल्यांनी मात्र एका सुताच्या फरकाचं काही वाटून घेतलं नाही. "लहान माप धरा, वर आणखी एक सूत सूट सोडा. काच फुगत नाही, पण पेटीचं काय सांगता येतं?" म्हणाले. त्यांनी काचेवर हिरा फिरवला. कर्र असा आवाज झाला, त्यांनी खालून हलकेच टकटक केली आणि काच सरळ रेषेत दुभंगली. इतकं स्वच्छ काम मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. एक अखंड काच मी घेतली नाही, दोन घेतल्या. मागची तीन इंची पट्टी कायमची ठेवायची आणि पुढचा मोठा भाग खाणं घालताना, पाणी बदलताना उचलायचा. मागच्या पट्टीचे दोन कोपरे कापून घेतले, एकातून पंपाची नळी आणि दुसऱ्यातून गाळणीची वायर. सगळ्या कडा ओल्या दगडावर घासून घेतल्या, कारण कापलेली काच माशाला सोडाच, मलाच आधी लागणार. दोन्ही तुकडे मिळून जेमतेम पावणेदोन किलो भरले. पेटीच्या आतल्या कडेला अडकवायचे प्लॅस्टिकचे सहा चिमटे घेतले, त्यांच्यावर काचा टेकतात.

उचलायला मूठ हवी. माझ्या मनात कपाटाची पितळी मूठ होती. मुलगी आत जाऊन कॅरमची राणी घेऊन आली.

"अगं, मग कॅरम कसा खेळायचा?"

"टिकलीच्या जागी," ती म्हणाली. याचा नीट अर्थ मला लागला नाही, पण मी राणी घेतली. काचेच्या कोरड्या बाजूला सिलिकॉनने चिकटवली. सिलिकॉन मात्र बघून घ्यावं लागतं. बाथरूमसाठी बुरशी मारणारं औषध घातलेलं मिळतं, ते माशांच्या पेटीला चालत नाही. साध्याला व्हिनेगरसारखा वास येतो. आईने दोनदा विचारलं, चायनीज कुणी मागवलंय? चोवीस तास काच गॅलरीत ठेवली, वास गेल्यावर आत आणली.

बसवली आणि काच आपल्या जागेवर अशी बसली, की मी ती चार वेळा काढून पुन्हा बसवली. मागच्या दोन कोपऱ्यांत मुलीने आपली करंगळी घालून पाहिली आणि "अजून जाईल" म्हणाली. झेब्रा मासा करंगळीहून बारीक असतो. तिथे भांडी घासायच्या कोऱ्या स्पंजचे तुकडे खोचले, हवेपुरती जागा ठेवून. वायर प्लगकडे जाण्याआधी मुद्दाम खाली झोळ देऊन वर नेली. काचेखाली साठलेलं पाणी वायरीवरून ओघळलं तर झोळाच्या तळाशी ठिबकतं, प्लगात जात नाही. काच, घासणावळ, चिमटे आणि सिलिकॉन मिळून साडेतीनशे रुपये खर्च आला. राणी जमेस धरलेली नाही.

याचा एक फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली पेटीतलं पाणी आठवड्याला दोन बोटं उतरायचं. आम्ही वरून बोअरचं पाणी ओतायचो. पाणी उडून जातं पण त्यातले क्षार पेटीतच राहतात, म्हणजे दर आठवड्याला आम्ही माशांच्या पाण्यात थोडं थोडं मुद्दल वाढवत होतो. आता वाफ काचेला लागते आणि थेंब होऊन परत खाली पडते. पाणी महिन्यात बोटभरही उतरत नाही. हे नानांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पण काचेवर वाफ धरते ना? शो जातो." आठवड्यातून एकदा मी ती काच पुसतो, हे सांगितल्यावर त्यांना माझी कीव आली. नानांच्या शोकेसमध्ये एक फायटर मासा आहे. उघड्या गोल बाऊलमध्ये. फायटरसुद्धा उत्तम उडी मारतो. हे मी त्यांना तीनदा सांगितलं आहे. चौथ्यांदा सांगणार आहे. पटलं तर ठीक, नाहीतर तसबीरवाल्यांकडून त्या बाऊलच्या तोंडाएवढी गोल काच मीच कापून आणणार आहे. नानांच्या पुढच्या वाढदिवसाला वेष्टणात गुंडाळून देईन. वेष्टण ते जपून ठेवतात, काच कदाचित वापरतील.

मेहुणे मागच्या महिन्यात पुन्हा आले होते. पेटीकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "दाजी, सगळं छान आहे, पण वर ती कॅरमची सोंगटी काय ठेवलीय?" मुलगी म्हणाली, "ती राणी आहे. तिला हात लावायचा नाही." मेहुण्यांनी हात मागे घेतला.

परवा रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो. सवयीने दिवाणखान्याचा मोठा दिवा लावला. मग चूक लक्षात आली, पण तोवर आवाज झाला होता. टक्. नखाने ग्लासवर टिचकी मारावी तेवढाच. मी पेटीजवळ जाऊन वाकलो. काचेच्या खालच्या बाजूला साठलेले थेंब एका जागी पुसले गेले होते. मी मासे मोजले. झेब्रा पाच, गुरामी दोन. एकूण सात. पुन्हा एकदा मोजले, राणी जराशी सरकवून काच नीट बसली आहे ना ते पाहिलं, आणि दिवा बंद केला.